बिबीजानच्या गाडीतल्या चार खुर्च्या

बाजाराचा दिवस सोडून न्हावऱ्याच्या चौकात सकाळी कधी उभे राहिलात, तर एक तमाशा फुकटात बघायला मिळेल. शिरूरकडून एक निळी मिनीबस येते, माणसं घेते आणि दौंडच्या रस्त्याला लागते. तिच्या मागोमाग, गायीमागे वासरू चालावं तशी, एक पांढरीशुभ्र जीप निघते. जीपमध्ये ड्रायव्हर सोडून कोणी नाही. काचा वर, एसी चालू, सीटवर टॉवेल अंथरलेला. आणि जीपचा मालक? तो पुढच्या बसमध्ये, तिकीट काढून बसलेला.

परगावचा माणूस हमखास विचारतो, की बिघाड जीपमध्ये आहे की मालकामध्ये? मी लगेच सांगत नाही. आधी चहा सांगायला लावतो. तुम्ही पडलात वाचणारी माणसं, तुमच्याकडून चहा वसूल कसा करणार? तेव्हा ऐका तसंच.

बस बिबीजान मुलाणीची. माहेर तिचं कासुर्डीचं, हायवेवरचं गाव, त्यामुळे पोरीच्या कानाला पाळण्यापासून हॉर्नची सवय. नवरा मीरासाहेब. ट्रकवर आयुष्य गेलेला, स्टिअरिंगवर बोलका आणि घरात मुका. दोघांनी मिळून ही जुनी मिनीबस घेतली, तेव्हा या मुक्या माणसाने पेंटर गाठून मागच्या काचेवर बायकोचं नाव लिहून घेतलं. 'बिबीजान', आणि दोन्ही बाजूंना एकेक लाल गुलाब. पोरीचं लग्न करून मोकळा झालेला माणूस हा! गावात आठवडाभर दुसरा विषय नव्हता. काही घरांत तर बायकांनी नवऱ्यांना जेवायला वाढताना त्या गुलाबांची आठवण करून दिली, असं मी ऐकलं. ऐकलं म्हणजे काय, माझ्याच घरात ऐकलं.

मीरासाहेब गाडी चालवायचा आणि बिबीजान दारात उभी राहून पैसे घ्यायची. आवाज असा, की तिने न्हावऱ्यात 'दौंड, दौंड' म्हटलं की नदीपलीकडच्या माणसाने पिशवी उचलावी. गाडी बरी चालायची. पण सरकारने एसटीत बायकांना अर्धं तिकीट केलं आणि हिच्या गाडीतल्या बायका एसटीच्या वाटेकडे डोळे लावून बसायला लागल्या. बिबीजान त्यांना नावं ठेवत नसे. "मी तरी काय केलं असतं? एसटीनंच गेले असते की," म्हणायची.

त्यात पुढच्या बाकांचं दुखणं होतंच. आपल्याकडच्या असल्या गाडीत ड्रायव्हरच्या मागची जागा मानाची. कायद्यात कुठे लिहिलेलं नाही, पण गावचा पुढारी चढला की तिथला माणूस आपोआप उठतो, आणि पुढाऱ्याकडे पैसे मागायचे नसतात. न्हावऱ्यात हा मान सावळाराम आबांचा. माजी सरपंच, दूध डेअरीचे चेअरमन. फेटा कडक, मिशी त्याहून कडक. आबा एकटे असते तर गाडीने सोसलं असतं. पण आबांबरोबर तीन-चार माणसं कायम, आणि तीही आबांच्या मानात बसून फुकट. म्हणजे गाडीतली सगळ्यात चांगली जागा, आणि तिच्यावर छदाम नाही.

हे सगळं लांबून बघत होते इंद्रजीतराव. हे आमचे नवे पुढारी, जीपवाले. रांजणगावच्या कंपन्यांना कामगार पुरवायचा ठेका त्यांचा, आणि डेअरीत आबांच्या खुर्चीवर डोळा. कामगार न्यायला त्यांना गाडी हवी होती. गणपती उठल्यावर ते मुलाण्यांच्या अंगणात येऊन बसले.

"भाभी, कशाला जिवाला घोर लावून घेता? गाडी मला द्या. मीरासाहेबमामा माझ्याकडं ड्रायव्हर ऱ्हातील, म्हैन्याच्या म्हैन्याला पगार. फकस्त ते मागचं नाव पुसून घेऊ. कंपनीत जाताना बरं दिसत न्हाई. पेंटर हाय माझ्याकडं."

बिबीजानने चहाचे कप गोळा केले आणि म्हणाली, "गुढीपाडव्यापर्यंत दम धरा, दादा. तवर गाडी आपल्या पायावर उभी ऱ्हायली न्हाई, तर पाडव्याच्या मुहूर्तावर घिऊन जा."

"शब्द?"

"शब्द."

शब्द दिला खरा, पण उपाय काही तिच्याकडे नव्हता. तो मिळाला विमानात.

तिची पोरगी सुमैया आखातात दोह्याला नर्स आणि जावई अनिस तिथल्या एका विमान कंपनीच्या तिकीट खिडकीवर. सुमैयाचं बाळंतपण आलं म्हणून बिबीजान जन्मात पहिल्यांदा विमानात चढली. परत आल्यावर सगळा चौक ढगांची वर्णनं ऐकायला जमला, तर हिने ढगांकडे बघितलेलंच नव्हतं. हिने बघितला पडदा.

"आप्पा," ती मला म्हणाली, "दारातनं चढलं की आधी त्या रुंद खुर्च्या. मान्सं पाय लांब करून सरबत पित बसल्याली. त्यांच्यापुढनं सगळ्यांनी आपापली बोचकी घिऊन मागं जायाचं. आन् मागं? म्होरच्याची पाठ माझ्या गुडघ्यात, माझा गुडघा त्याच्या पाठीत. मंग मधी पडदा वढला त्यांनी. जसं काय आमची दिष्ट लागंल!"

दोह्यात तिने जावयाला धारेवर धरलं. अनिसने सांगितलेलं ती आजही जसंच्या तसं सांगते. "अम्मी, विमान भरतं मागच्यांनी आणि उडतं पुढच्यांवर. पुढची एक खुर्ची मागच्या तिघांची जागा खाते, पण पैसे त्याहून जास्त आणते. कोणाला साहेबांसमोर ताजंतवानं उतरायचं असतं, कोणाचं तिकीट कंपनी काढते, कोणाला नुसतंच पुढे बसायचं असतं. त्यांच्याकडून भरपूर घेता येतं, म्हणून मागच्याला स्वस्तात नेता येतं."

आणखी एक गंमत त्याने सांगितली. कोणी ना कोणी यायचं राहतंच, म्हणून कंपन्या कधीकधी एकच खुर्ची दोघांना विकतात. दोघेही आले, तर एकाला गोड बोलून, वर काहीतरी देऊन उठवतात.

"आन् त्यो उठतो?" बिबीजानने विचारलं.

"मान राखून उठवलं तर उठतो, अम्मी."

ही गोष्ट तिने पदराला गाठ मारून ठेवली.

दिवाळीनंतर ती शिरूरला नागसेनच्या दुकानात गेली. नागसेन कुशनवाला, ट्रॅक्टरच्या सीटपासून नवरदेवाच्या सिंहासनापर्यंत सगळं शिवून देणारा. त्याने तिच्या मोबाइलमधला विमानाचा फोटो उलटासुलटा करून बघितला. "भाभी, ही खुर्ची न्हाई, पाळणा हाय." पण केलं पोराने. पुढची सहा माणसांची जागा काढून तिथे चार रुंद खुर्च्या बसवल्या. तांबडं रेक्झिन, पाय टेकायला फळी, पाण्याच्या बाटलीला भोक. आणि मागे, सुमैयाच्या लग्नातला हिरवा साटीनचा पडदा. मागचं भाडं पन्नास, पुढचं दीडशे.

पहिल्याच दिवशी सावळाराम आबा चढले. पडदा बघितला, खुर्ची दाबून बघितली, बसले, पाय फळीवर ठेवले आणि खूश होऊन म्हणाले, "बिबी, झ्याक केलंस. आमच्यासाठी एवढं केलंस."

"व्हय आबा. दीडशे द्या."

गाडीत एवढी शांतता मी त्याआधी फक्त डेअरीच्या सभेत ऐकली होती, सभासदांनी बोनस विचारल्यावर.

"मला मागतीस? सावळारामला?"

"खुर्चीला मागती, आबा. तुमास्नी कशाला मागू?"

आबा उठले, खाली उतरले आणि चौकात उभे राहून म्हणाले, की या गाडीत पाय ठेवणारा माझा नव्हे. तीन-चार माणसंही उतरली. फुकट जाणारी होती, त्यामुळे तोटा शून्य; पण गावात बोभाटा झाला. त्यातच बिबीजानने विमानातलं बघून खिडकीच्या जागेला पाच रुपये वाढवले. तिथे धुरपदाबाई आडवी आली. धुरपदा म्हणजे मेथीच्या जुड्या घेऊन दौंडला जाणारी म्हातारी. जीभ तिची कोयत्यापेक्षा धारदार.

"का गं बिबी, वाऱ्याचं पैसं कवाधरनं घ्यायला लागलीस? उद्या पुलावर भीमा दिसली तर ती बघायचं बी घेशील!"

खिडकीचे पाच रुपये दुसऱ्याच दिवशी रद्द झाले.

पुढच्या चार खुर्च्या मात्र रिकाम्याच धावत राहिल्या. कधी बँकेचा साहेब, कधी पाय सुजलेला एखादा म्हातारा, बाकी हवा. पौष असाच गेला. मीरासाहेब घरात एक वाक्य बोलला, "बेच डालते, बिबी." आणि बिबीजान एक शब्द बोलली, "नक्को." पण हे बोलताना तिचा आवाज न्हावऱ्याच्या चौकातला नव्हता. पाडवा जवळ येत होता, आणि इंद्रजीतरावांचा पेंटर एकदा येऊन मागच्या काचेचं माप घेऊनही गेला होता.

माघात केंदूरच्या एका लग्नाला तिची गाडी वऱ्हाडासाठी ठरली. मीही होतो, लग्नाच्या जेवणाला आणि भांडणाला मी कधी नाही म्हणत नाही. आपल्याकडे अक्षतांआधी माइकवर नावं पुकारतात, ठाऊक आहे ना? अमुक अमुक चेअरमन यांचं मुलीकडच्या मंडळींतर्फे सहर्ष स्वागत, त्यांनी फेटा बांधून घ्यावा. तर माइकवाल्याने आधी पुकारलं इंद्रजीतरावांना, आणि मग सावळाराम आबांना.

झालं! आबांनी अर्धा बांधलेला फेटा सोडला, बांधणाऱ्याच्या हातात दिला आणि मांडवाबाहेर चालू पडले. नवरीचा बाप हात जोडत मागे धावतोय, "आबा, जेवून तरी जा!" आणि आबा म्हणतायत, "जेवाण माझ्या घरी हाय. नाव कुठं हाय?" बरं, याच आबांनी त्या मांडवात भरभक्कम आहेर केला होता. दीडशेच्या खुर्चीवरून उतरलेला माणूस!

बिबीजान हातात बुंदीचा द्रोण घेऊन हे बघत होती. बघता बघता ती हसायला लागली. एवढी हसली, की मीरासाहेब घाबरून पाणी घेऊन आला.

"पडदा!" ती म्हणाली. "आपुन पडदाच लावला की हो! इमानातल्या मान्साला लपून बसायचं असतंय. आपल्या मान्साला दिसून बसायचंय! आबा पैशाला नडल्यालं न्हाईत. पडद्याआड दीडशे दिऊन बसलं, तर बघणार कोण?"

दुसऱ्या दिवशी हिरवा पडदा पेटीत गेला. टेम्पोतले भाजीवाले वापरतात तसला छोटा भोंगा गाडीच्या टपावर चढला आणि माइक बिबीजानच्या हातात आला. पहिल्या खुर्चीवर तिने कोणाला बसवावं? धुरपदाबाईला. फुकट. म्हातारी आधी घाबरली, मग फळीवर पाय टाकून अशी ऐसपैस बसली, की जणू भीमेच्या दोन्ही काठांचा सातबारा तिच्या नावावर आहे. गाडी चौकात आली, समोर डेअरीच्या ओट्यावर आबा, आणि भोंगा गरजला.

"दौंड, दौंड! आज आपल्या गाडीत पुढच्या मानाच्या खुर्चीवर विराजमान झाल्यात, परसिद्ध मेथी बागायतदार श्रीमती धुरपदाबाई! त्यांचं गाडीतर्फे सहर्ष स्वागत!"

धुरपदाबाईने खिडकीतून आबांना हात केला. मी आबांच्या शेजारीच होतो. चहाची बशी त्यांच्या ओठाशी गेली, ती तिथेच थांबली.

दुसऱ्या दिवशी आबा गाडी यायच्या आधीच रस्त्यावर. दीडशे रुपये हातात मोजलेले.

"बिबी, ह्ये घे. आन् माजी सरपंच बी म्हण."

"म्हंते की, आबा. चेअरमन बी म्हंते. मार्गदर्शक म्हणू का?"

"म्हण," आबा लाजत म्हणाले. एवढा मोठा माणूस लाजताना मी पहिल्यांदा बघितला.

भोंग्यावरून आबांचं नाव तीन गावांत गेलं. जीपच्या काचा वर असूनही ते इंद्रजीतरावांच्या कानात शिरलं. तिसऱ्या दिवशी जीप चौकात थांबली, इंद्रजीतराव उतरले आणि बसमध्ये चढले. ड्रायव्हरला म्हणाले, "मागून ये." तेव्हापासून ती बिचारी मागूनच येतेय.

आता प्रश्न पडला, पहिलं नाव कोणाचं? केंदूरचा माइकवाला इथेच फसला होता. बिबीजान फसली नाही. पहिल्या खुर्चीचं भाडं तिने आणखी पन्नासने वाढवलं आणि जाहीर केलं, की पहिल्या खुर्चीवरच्या माणसाचं नाव पहिलं. चारही खुर्च्या एकाच नागसेनने एकाच रेक्झिनच्या शिवलेल्या, त्यांच्यात तसूभर फरक नाही. तरी पहिलीसाठी दोघांचीही माणसं आदल्या दिवशीच पैसे घेऊन मुलाण्यांच्या दारात यायला लागली. राहिलेल्या दोन खुर्च्यांवर पोल्ट्रीवाले, दुकानदार, नवे जावई. नवा जावई सासुरवाडीहून निघताना सासरा स्वतः दीडशे भरतो आणि बजावतो, "पाव्हण्यांचं नाव नीट घे गं, बिबी. इंजिनेर म्हण."

मग आलं अनिसचं ते दुसरं गणित, मान राखून उठवायचं. एक दिवस गाडीत एक पोटुशी पोर चढली, जागा नव्हती. आबा माणूस म्हणून चांगला, हे मी त्यांच्या तोंडावर कधी म्हणणार नाही. ते उठले आणि तिला आपली खुर्ची दिली. बिबीजानने लगेच माइक उचलला. "मानाची खुर्ची गरोदर लेकीला देऊन सावळाराम आबा सोता हुबं ऱ्हायल्यात! जोरदार टाळ्या!" मागच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. आबा दौंडपर्यंत दांडा धरून उभे, पण चेहरा असा, की जणू डेअरी बिनविरोध मिळाली.

इंद्रजीतरावांना काय त्या रात्री अन्न गोड लागलं असेल? सकाळी ते कोणाला खुर्ची द्यावी म्हणून गाडीभर बघतायत, तर मेली सगळी धडधाकट. शेवटी उतरून चौकातला एक म्हातारा बखोटीला धरून वर आणला. म्हातारा ओरडतोय, "आरं, मला कुठं जायाचं न्हाई!" आणि हे म्हणतायत, "बसा बाबा, बसा, मी हुबा ऱ्हातो!" नाव पुकारलं गेलं, टाळ्या पडल्या, आणि म्हातारा फुकटात दौंड बघून आला. तिथे त्याने जिलेबी खाल्ली, तीही इंद्रजीतरावांच्या पैशाने.

पुढून असा ओघ सुरू झाल्यावर बिबीजानने मागचं भाडं पन्नासचं चाळीस केलं. एसटीच्या अर्ध्या तिकिटापासून फार लांब राहिलं नाही, शिवाय वाट बघणं नाही, आणि वर रोजची करमणूक. बायका परत आल्या. कॉलेजच्या पोरी आल्या. गाडीत हसणं एवढं, की मीरासाहेबालासुद्धा घरी जाऊन बोलायला विषय मिळाला.

आणि पाडवा उजाडला.

दारोदार गुढ्या, चौकात ही गर्दी. गाडी येऊन थांबली, आबा पहिल्या खुर्चीवर जाऊन बसले, आणि समोर इंद्रजीतराव. एका हातात हार, दुसऱ्यात नारळ, आणि मागे तो पेंटर, डबा-ब्रश घेऊन. मला वाटलं होतं, हा माणूस आता शब्द विसरला असेल. पण ठेकेदार तो ठेकेदारच.

"भाभी, मुदत संपली."

"गाडी पायावर हुबी हाय, दादा. बघा की भरल्याली."

"भरल्याली हाय, पण कुनाच्या जिवावर? माझ्या आन् आबांच्या!" ते हळू आवाजात म्हणाले, पण मी जवळच होतो, असतोच. "मी उद्यापासनं जीपमंदी बसलो, की आबा बी बसायचं सोडत्यात. मी न्हाई तर त्यांना तरी गोडी काय? मंग मागच्या चाळीस-चाळीसवर डिझेल तरी निघंल का? बोला."

खोटं नव्हतं ते. मीरासाहेबाने किल्ली काढली आणि मुठीत धरली. बिबीजानचा चेहरा उतरला. मागच्या खिडक्यांतून बायका बघतायत, पोरी बघतायत, पेंटर डब्याचं झाकण उचकटतोय. तिने एकदा त्या हाराकडे बघितलं, एकदा नारळाकडे, एकदा चौकातल्या गर्दीकडे. आणि माइक उचलला.

"समस्त गावकरी मंडळी! आज पाडव्याच्या शुभमुहूर्तावर आपल्या बिबीजान गाडीची पूजा व्हनार हाय! आन् ती व्हनार हाय आपलं तडफदार, दानशूर, युवकांचं आशास्थान इंद्रजीतराव यांच्या शुभहस्ते! त्यांनी हार आन् नारळ सोता आणल्याला हाय! जोरदार टाळ्या!"

चौक दणाणला. नाव पुकारलं गेलं होतं. आमच्या भागात पुकारलेल्या नावाला 'नाही' म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

तरी ते क्षणभर घुटमळले. तेवढ्यात गाडीतून आवाज आला, "थांब बिबी! इंद्रजीतला जमत न्हाई वाटतं. नारळ माझ्याकडं बी हाय!" आणि आबा पहिल्या खुर्चीवरून उठायला लागले.

आबांचा पाय पायरीवर पडायच्या आत इंद्रजीतरावांनी नारळ चाकापुढे फोडला. एका घावात. हार पुढच्या जाळीवर चढवला, काचेवर हळदकुंकवाची बोटं ओढली, हात जोडले. कोणीतरी मोबाइलवर फोटो काढत होतं म्हणून एकदा परत जोडले. आता स्वतः पूजा केलेल्या गाडीतून हा माणूस उतरणार कसा? आणि हा उतरत नाही, तोवर आबा कसले उतरतात?

पेंटर डबा घेऊन तसाच उभा होता. बिबीजान त्याच्याजवळ गेली.

"आलाच हायसा तर मोकळ्या हातानं जाऊ नका. मागं गुलाब फिकं पडल्यात. तेवढं लाल करून द्या."

मीरासाहेब किल्ली घेऊन वर चढता चढता थांबला आणि सगळ्या चौकासमोर, मोठ्याने, पूर्ण वाक्य बोलला. "आणि नावाला सोनेरी रंग द्या." गावाला पुन्हा आठवडाभराचा विषय मिळाला. माझ्या घरातही.

त्या दिवशी मागे पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून धुरपदाबाईला तिसऱ्या खुर्चीवर बसवलं. पूल यायच्या आत म्हातारी घोरायला लागली. भोंग्यावरून तिचंही नाव घेतलं, तिला पत्ता नाही.

बाजाराच्या दिवशी मात्र ती मागची जीप रिकामी नसते. गाडी भरून वाहायला लागली, की बिबीजान माइकवर म्हणते, "उरल्यालं परवासी इंद्रजीतरावांच्या मोठ्या मनानं मागच्या एसी गाडीतनं येत्याल! जोरदार टाळ्या!" मग मेथीच्या जुड्या, कोंबड्यांची खुराडी आणि धुरपदाबाई जीपमधल्या त्या टॉवेलवर बसून, काचा वर करून, गारेगार दौंडला जातात. भाडं तेच, चाळीस. ते घेते बिबीजान.